विजेची व इलेक्ट्रॉनिक उपकरणे : माल परत करण्याची मुदत आणि शेतकऱ्याचा हक्क

पुसेगावच्या किंवा खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैल विकत घेणारा शेतकरी किती चोखंदळ असतो, हे आपण सर्वजण जाणतो. तो बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, चार पावले चालवून पाहतो आणि खोड नसल्याची खात्री झाल्यावरच पैसे मोजतो. सांगलीच्या हळद बाजारातील खरेदीदारही हळकुंड मोडून आतील गाभा पाहिल्यावाचून बोली लावीत नाही. परंतु हाच चाणाक्ष शेतकरी विहिरीवरील मोटारीसाठी मोबाईल स्टार्टर, फवारणीसाठी बॅटरीवर चालणारा पंप, कुंपणासाठी झटका यंत्र किंवा घरासाठी दूरदर्शन संच घेतो, तेव्हा बंद खोके पिशवीत घालून घरी येतो. खोके कधी उघडावयाचे, बिघाड निघाला तर कोणाकडे जावयाचे आणि किती दिवसांच्या आत जावयाचे, याची चौकशी तो क्वचितच करतो. पुढे अडचण उभी राहिली म्हणजे "मुदत संपली" हे एकच उत्तर त्याच्या पदरी पडते.

इलेक्ट्रॉनिक उपकरणे ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाहीत. रात्रपाळीच्या वीजपुरवठ्यात काळोखातून विहिरीवर जाण्याचा धोका मोबाईल स्टार्टरमुळे टळतो. झटका यंत्रामुळे पाटण आणि शिराळ्याच्या डोंगराळ भागात रानडुकरांपासून पीक वाचते. अशा उपकरणाचा बिघाड म्हणजे केवळ काही हजार रुपयांचे नुकसान नव्हे. उभ्या पिकाचे पाणी किंवा फवारणी त्यामुळे चुकते. यास्तव माल परत करणे, बदलून घेणे व दुरुस्त करून घेणे यांचे नियम व मुदती प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तर ते पाठच करावेत, कारण अडलेला शेतकरी प्रथम त्यांच्याकडेच येतो.

तीन शब्दांतील फरक

दुकानात बोलताना "परत", "बदल" आणि "वॉरंटी" हे शब्द सरमिसळ वापरले जातात. तथापि त्यांचे अर्थ वेगळे आहेत आणि मुदतीही वेगळ्या आहेत.

"परत" म्हणजे वस्तू दुकानदाराकडे गेली व पैसे ग्राहकाकडे आले. "बदल" म्हणजे तीच वस्तू त्याच जातीची, परंतु नवी मिळाली. पैसे मात्र परत मिळाले नाहीत. "वॉरंटी" म्हणजे ठराविक काळात निघालेला दोष कंपनी आपल्या सेवा केंद्रामार्फत विनामूल्य दुरुस्त करून देईल, अशी लेखी हमी होय. पहिल्या दोहोंची मुदत बहुधा काही दिवसांचीच असते. वॉरंटीची मुदत पुष्कळदा एक वर्ष किंवा त्याहून अधिक असते. पहिल्या दोहोंसाठी दुकानदार किंवा विक्री करणारे संकेतस्थळ जबाबदारी घेते; वॉरंटीसाठी बहुतेक वेळा उत्पादक कंपनीच्या सेवा केंद्राकडे जावे लागते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. दुकानदार जेव्हा "काळजी करू नका, एक वर्षाची वॉरंटी आहे" असे सांगतो, तेव्हा तो एक वर्षापर्यंत वस्तू परत घेण्याचे वचन देत नसतो. दुसऱ्याच आठवड्यात यंत्र बंद पडले तर नवे मिळेल की तेच दुरुस्त होऊन मिळेल, हा प्रश्न पैसे देण्यापूर्वीच विचारावयास हवा व त्याचे उत्तर बिलावर लिहून घ्यावयास हवे.

मन बदलले तर

उपकरण निर्दोष आहे. परंतु घरी आल्यावर रंग आवडला नाही, शेजाऱ्याने तेच स्वस्तात घेतले किंवा मुलाने दुसऱ्या कंपनीचे सुचविले. अशा वेळी दुकानदाराने माल परत घेतलाच पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आपल्या देशात नाही. युरोपीय संघातील देशांत ऑनलाइन खरेदी केलेला माल बहुतेक बाबतीत चौदा दिवसांच्या आत कारण न देता परत करता येतो. आपल्याकडे निर्दोष माल परत घेणे हे त्या दुकानाच्या किंवा संकेतस्थळाच्या स्वतःच्या धोरणावर अवलंबून असते. ते धोरण त्याने जाहीर केले असेल तर ते पाळणे त्यास भाग आहे. जाहीर केलेले नसेल तर ग्राहकास आग्रह धरता येत नाही. म्हणून आवडीनिवडीचा विचार खरेदीपूर्वी करावा, नंतर नव्हे.

माल सदोष निघाला तर

येथे मात्र कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा आहे. आपल्या देशात पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्यास राष्ट्रपतींची संमती २४ डिसेंबर रोजी मिळाली म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्यापूर्वी बारा वर्षे, म्हणजे १९७४ साली, श्री. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले होते. म्हणजे या चळवळीच्या प्रारंभीच्या कार्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. जुन्या कायद्याच्या जागी आता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा लागू असून तो २० जुलै २०२० पासून अंमलात आला.

या कायद्याने "अनुचित व्यापारी प्रथा" कोणत्या, हे सांगितले आहे. त्यांपैकी दोन आपल्या विषयाशी निगडित आहेत. पहिली, विकलेल्या मालाचे बिल न देणे. दुसरी, सदोष माल परत घेण्यास व त्याची किंमत परत देण्यास नकार देणे. या दुसऱ्या बाबतीत मुदत अशी सांगितली आहे की, बिलावर किंवा पावतीवर मुदत लिहिलेली असल्यास त्या मुदतीत आणि तशी काहीच मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांच्या आत.

हा तीस दिवसांचा आकडा प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. मात्र त्याचा विपर्यास करू नये. तो सदोष मालापुरताच आहे, आणि बिलावर वेगळी मुदत छापलेली असेल तर प्रथम तीच मुदत पाहावी लागते. म्हणून बिल हाती येताच त्याची मागची बाजूही वाचावी. बारीक अक्षर वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचवून घ्यावे.

कित्येक बिलांवर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे वाक्य छापलेले आढळते. ते पाहून पुष्कळ शेतकरी निराश होऊन परततात. निर्दोष मालाबाबत हे वाक्य दुकानदाराचे धोरण सांगते, इतकेच; परंतु सदोष मालाबाबत ते ग्राहकाचा कायदेशीर हक्क हिरावून घेऊ शकत नाही.

शेतकरी हा ग्राहक आहे काय?

काही विक्रेते असा आक्षेप घेतात की, मोटार किंवा स्टार्टर हे धंद्यासाठी घेतलेले यंत्र आहे, म्हणून शेतकरी "ग्राहक" ठरत नाही. हा आक्षेप टिकणारा नाही. व्यापारी हेतूसाठी माल घेणारा ग्राहक ठरत नाही हे खरे. परंतु स्वतःच्या कष्टाने उपजीविका चालविण्यासाठीच जो माल घेतो व वापरतो, त्याचा हेतू व्यापारी समजला जात नाही, असे कायद्यातच स्पष्टीकरण आहे. बियाण्यांच्या प्रकरणात नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या दाव्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २०१२ रोजी शेतकऱ्यास ग्राहक मानून त्याचा ग्राहक मंचाकडे जाण्याचा हक्क मान्य केला. शिवाय, बिल ज्याच्या नावाचे आहे तोच नव्हे, तर त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहक ठरतो. बिल वडिलांच्या नावे असून यंत्र मुलगा किंवा सून वापरीत असेल तरी तक्रारीस बाध येत नाही.

दोन शेजाऱ्यांचे उदाहरण

मुदतीचे महत्त्व उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, कोरेगाव तालुक्यातील दोन शेजारी शेतकऱ्यांनी दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर एकाच दुकानातून एकाच बनावटीचे दोन मोबाईल स्टार्टर घेतले. दोन्ही बिलांवर "सदोष माल सात दिवसांत बदलून मिळेल" असे छापलेले आहे, आणि दोन्ही यंत्रांत एकच दोष आहे : फोन केल्यावर मोटार सुरू होते, परंतु बंद होत नाही.

पहिल्या शेतकऱ्याने दुसऱ्याच दिवशी यंत्र बसवून दिवसाउजेडी पाच-सहा वेळा चालू-बंद करून पाहिले. दोष दिसताच त्याने मोबाईलवर चित्रफीत घेतली, दुकानदारास संदेश पाठविला आणि चौथ्या दिवशी बिल, खोके व यंत्र घेऊन तो दुकानात गेला. त्यास नवे यंत्र मिळाले. त्याच्या आल्याच्या पिकाचे एक पाणीदेखील चुकले नाही.

दुसऱ्या शेतकऱ्याने मुहूर्त साधला खरा, पण यंत्र माळ्यावर ठेवले. जुना स्टार्टर अद्याप चालत होता, घाई नव्हती. वीस दिवसांनी त्याने ते बसविले. रात्री मोटार बंद झाली नाही, विहिरीतील पाणी संपले, मोटार कोरडी चालून जळाली. सकाळी गावातील वायरमनला बोलावून त्याने स्टार्टर उघडून पाहिला; त्यात कंपनीचे सील तुटले. दुकानदाराने बदलाची मुदत संपल्याचे सांगितले आणि सेवा केंद्राने सील तुटल्याचे कारण देऊन विनामूल्य दुरुस्ती नाकारली. जळालेल्या मोटारीचे रिवाइंडिंग करावे लागले ते वेगळेच.

दोष दोघांच्या यंत्रात सारखाच होता. फरक पडला तो यंत्र तपासण्याच्या दिवसात आणि सील तुटण्यात. दुसऱ्या शेतकऱ्याचे सर्व मार्ग बंद झाले असे नव्हे. मूळ दोष कारखान्यातील होता हे तो सिद्ध करू शकल्यास त्यास आयोगाकडे दाद मागता येईल. परंतु जे काम चौथ्या दिवशी एका खेपेत झाले असते, त्यासाठी त्यास आता कित्येक महिने खर्च करावे लागतील.

दिवस कोठून मोजावयाचे?

दुकानातून घेतलेल्या मालाची मुदत साधारणतः बिलाच्या तारखेपासून मोजली जाते. यंत्र ज्या दिवशी बसविले त्या दिवसापासून नव्हे. ऑनलाइन मागविलेल्या मालाची परतीची मुदत साधारणतः माल घरी पोहोचल्याच्या दिवसापासून मोजतात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ही मुदत पुष्कळदा सात किंवा दहा दिवसांची असते आणि बऱ्याच वस्तूंबाबत फक्त बदल मिळतो, पैसे परत मिळत नाहीत. प्रत्येक वस्तूच्या पानावर ही अट स्वतंत्रपणे दिलेली असते. एका वस्तूचा नियम दुसरीस लागू होईल असे गृहीत धरू नये.

वॉरंटीतही एक बारकावा आहे. यंत्राची मुदत वेगळी व त्यातील बॅटरीची वेगळी असू शकते. फवारणी पंप किंवा झटका यंत्र घेताना बॅटरीची मुदत किती, हे स्वतंत्रपणे विचारून बिलावर लिहून घ्यावे. अशा पंपात बिघडते ती बहुधा बॅटरीच.

यावर साधा उपाय असा की, खरेदी झाल्याबरोबर घरातील दिनदर्शिकेवर मुदतीच्या शेवटच्या दिवसाभोवती वर्तुळ काढावे आणि त्याच्या दोन दिवस आधी खूण करावी. रविवार, बाजारचा सुटीचा दिवस किंवा सण मध्ये येत असल्यास तो हिशेबात धरावा. जत किंवा आटपाडीहून सांगलीस, अथवा दहिवडीहून साताऱ्यास जाण्यात एक पूर्ण दिवस मोडतो. शेवटच्या दिवसाची वाट पाहणारा शेतकरी बहुधा मुदत चुकवितो.

खरेदीच्या वेळी घ्यावयाची काळजी

१. पक्के बिल घ्यावे. जीएसटीची रक्कम वाचविण्यासाठी कच्च्या पावतीवर माल घेण्याची सवय आपल्याकडे बोकाळली आहे. कच्च्या पावतीवर दुकानाचा जीएसटी क्रमांक नसतो, यंत्राचा क्रमांक नसतो, पुष्कळदा दुकानाचे नावही नसते. आज चार पैसे वाचतात, पण उद्या यंत्र बिघडल्यावर ते कोठून घेतले, हेच सिद्ध करता येत नाही.

२. यंत्रावरील अनुक्रमांक, खोक्यावरील अनुक्रमांक आणि बिलावरील अनुक्रमांक हे तिन्ही जुळवून पाहावेत. मोबाईल फोन घेताना *#०६# हे आकडे दाबले असता पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक पडद्यावर दिसतो. तो बिलाशी ताडून पाहावा.

३. शक्य तेथे यंत्र दुकानातच सुरू करून दाखविण्यास सांगावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही. माल तपासून घेण्याची वाजवी संधी मिळणे हा खरेदीदाराचा हक्क १९३० च्या माल विक्री कायद्यानेच मान्य केला आहे. त्याच कायद्यात असेही आहे की, वाजवी काळ उलटेपर्यंत माल नाकारल्याचे न कळविता तो ठेवून घेतला, तर खरेदीदाराने तो स्वीकारला असे समजले जाते. म्हणजे मौन हेही कायद्याच्या दृष्टीने उत्तरच होय.

४. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख घ्यावी. दुकानदाराने तोंडी दिलेली प्रत्येक सवलत बिलावर लिहून घ्यावी.

५. पुष्कळ दुकानांतील बिले उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असतात. अशा बिलावरील अक्षरे ऊन व उष्णतेने काही महिन्यांत पुसट होतात. म्हणून त्याच दिवशी बिलाचे छायाचित्र काढावे व एक झेरॉक्स प्रत पासबुकाबरोबर ठेवावी.

६. खोके, आतील थर्माकोल व सर्व वायरी परतीची मुदत संपेपर्यंत जपून ठेवाव्यात. खोके चुलीत गेले आणि यंत्र परत गेले नाही, असे प्रसंग थोडे नाहीत.

हमी कशाने जाते?

वॉरंटी कार्डावरील अपवादांची यादी ही सर्वांत कमी वाचली जाणारी व सर्वांत अधिक नडणारी बाब आहे. साधारणतः पुढील कारणांनी झालेला बिघाड हमीत बसत नाही : विजेच्या दाबातील तीव्र चढउतार, वीज पडणे, पाणी शिरणे, उंदराने वायर कुरतडणे, चुकीची जोडणी आणि अनधिकृत व्यक्तीने यंत्र उघडणे. यास्तव स्टार्टरच्या पेटीस योग्य अर्थिंग करावे, पेटी पावसापासून सुरक्षित जागी बसवावी आणि मुदतीत असलेले यंत्र गावातील कारागिरास उघडू देऊ नये. कारागीर कितीही कुशल असला तरी सील तुटले की आपली बाजू लंगडी पडते.

कृष्णा व वारणा काठच्या शेतकऱ्यांनी २००५, २०१९ व २०२१ चे महापूर पाहिले आहेत. पुराच्या पाण्यात बुडालेले यंत्र हमीच्या कक्षेत येत नाही. ती विम्याची बाब होय. शासनाच्या योजनेतून मिळालेल्या सौर कृषिपंपांची गोष्ट निराळी आहे. तेथे परतीचा प्रश्न नसून पाच वर्षांच्या देखभालीची व विम्याची तरतूद आहे. तो पंप बंद पडल्यास पुरवठादार कंपनीकडे तत्काळ तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा.

ऑनलाइन खरेदी

खेड्यापाड्यातही आता मोबाईलवरून खरेदी होऊ लागली आहे. तिच्यासाठी २३ जुलै २०२० रोजी स्वतंत्र नियम प्रसिद्ध झाले आहेत. त्यांनुसार परतीची, बदलाची व वॉरंटीची माहिती ग्राहकास स्पष्ट दाखविली पाहिजे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ग्राहकाच्या तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत दिली पाहिजे आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण केले पाहिजे. माल सदोष, नकली किंवा जाहिरातीतील वर्णनाहून वेगळा निघाल्यास विक्रेत्यास तो परत घेण्याचे नाकारता येत नाही.

ऑनलाइन मागविलेले खोके उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग चित्रफीत घ्यावी. तीत खोक्यावरील पत्त्याची चिठ्ठी दिसली पाहिजे. उघडून दाखविण्याची सोय असेल तेथे माल पाहिल्याशिवाय ओटीपी सांगू नये, कारण ओटीपी म्हणजे माल मिळाल्याची सहीच समजावी. काही गावांतून माल परत नेण्याची सोय नसते. ती आहे किंवा नाही, हे आपल्या गावाचा पिनकोड घालून आधीच पाहावे.

आणखी एक इशारा. कंपनीच्या ग्राहक सेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधून फोन करणाऱ्यांना भामटे गाठतात. क्रमांक बिलावरून किंवा वॉरंटी कार्डावरूनच घ्यावा. पैसे परत मिळविण्यासाठी यूपीआयचा पिन घालावा लागत नाही. तो कोणी मागितला तर फसवणूक आहे असे निश्चित समजावे आणि फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

हप्त्याने घेतलेला माल परत केला तर कर्ज आपोआप रद्द होते, असे मानू नये. माल परत घेतल्याची दुकानदाराची लेखी पोच कर्ज देणाऱ्या संस्थेस पाठवून कर्ज बंद झाल्याचे पत्र घ्यावे. तोपर्यंत हप्ता थकवू नये.

तक्रार कशी करावी?

आपल्याकडे दुकानदार बहुधा ओळखीचा असतो; पाहुण्यांचा पाहुणा असतो. "उद्या या", "माणूस बाहेरगावी गेला आहे", "कंपनीकडे पाठविले आहे" असे तो गोडीने सांगतो आणि भिडेपोटी शेतकरी परततो. या हेलपाट्यांतच मुदत निघून जाते. भीड भिकेची बहीण, असे आपले वाडवडील सांगत आले आहेत. संबंध गोड ठेवावेत, परंतु तक्रार लेखीच द्यावी. लेखी तक्रारीने भांडण होत नाही. फक्त तारीख पक्की होते. प्रामाणिक दुकानदारासही ती कंपनीकडे दाखविण्यास उपयोगी पडते.

पत्राचा नमुना पुढे दिला आहे :

"दिनांक ……. रोजी आपल्या दुकानातून बिल क्रमांक ……. अन्वये …….. हे यंत्र, अनुक्रमांक …….., रुपये …….. किमतीस विकत घेतले. दिनांक …….. रोजी त्यात पुढील दोष आढळला : ……... याची कल्पना आपणांस दिनांक …….. रोजी दूरध्वनीने दिली आहे. यंत्र उघडलेले अथवा दुरुस्त केलेले नाही. तरी ते परत घेऊन किंमत परत द्यावी अथवा नवे यंत्र द्यावे आणि तसे पंधरा दिवसांत कळवावे. सोबत बिलाची प्रत जोडली आहे."

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर दुकानाचा शिक्का व सही घ्यावी. ती न दिल्यास पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे. त्याच मजकुराचे छायाचित्र दुकानदाराच्या मोबाईलवर पाठविणेही हितावह होय. पत्रात जे खरे आहे तेवढेच लिहावे. यंत्र उघडले असेल तर उघडले नाही असे लिहू नये. यंत्र दुकानात ठेवून यावे लागले तर ते जमा केल्याची पावती, तारीख व अनुक्रमांकासह घ्यावी. पावतीवाचून यंत्र हातचे सोडू नये.

दाद कोठे मागावी?

पत्रास उत्तर न आल्यास प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळ तक्रारी या टप्प्यावरच मिटतात. तेथेही न मिटल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. असे आयोग सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांसाठी आहेत. ज्या मालासाठी दिलेला मोबदला पन्नास लाख रुपयांपर्यंत आहे, त्याची तक्रार जिल्हा आयोग ऐकतो; आणि मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस काहीही शुल्क लागत नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या जवळजवळ सर्व उपकरणांची तक्रार विनाशुल्क दाखल होते. वकील दिलाच पाहिजे असे नाही.

२०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे. माल पुण्याहून, मुंबईहून किंवा दिल्लीहून मागविलेला असला तरी ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. गावातील आपले सरकार सेवा केंद्रात त्यासाठी मदत घेता येईल.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल केली पाहिजे. विलंबास सबळ कारण असेल तरच आयोग त्यापुढे सवलत देऊ शकतो. आयोग आवश्यक वाटल्यास यंत्र प्रयोगशाळेत तपासण्यास पाठवितो. दोष सिद्ध झाल्यास तो दूर करणे, नवी वस्तू देणे, किंमत परत करणे व नुकसानभरपाई देणे, असे आदेश आयोग देऊ शकतो. निर्णय तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात कधी अधिक काळ लागतो, म्हणून यंत्र व कागदपत्रे शेवटपर्यंत जपून ठेवावीत. निर्णय मान्य नसल्यास पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रब्बीपूर्व सभेत किंवा ग्रामसभेत या विषयासाठी अर्धा तास राखून ठेवावा. दोन-तीन शेतकऱ्यांना आपापली बिले आणण्यास सांगावे आणि त्यांवरील मुदत सर्वांसमक्ष वाचून दाखवावी. प्रत्यक्ष बिल वाचल्याने जे समजते, ते व्याख्यानाने समजत नाही. तक्रारपत्राच्या नमुन्याच्या काही प्रती ग्रामपंचायतीत ठेवाव्यात. बचत गटातील भगिनींनी घरोघरच्या बिलांची एक फाईल ठेवण्याची सवय लावल्यास तीही मोठी कामगिरी ठरेल.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. पक्के बिल घ्या व त्याचे छायाचित्र त्याच दिवशी काढा.

२. परत, बदल व वॉरंटी यांची मुदत वेगवेगळी असते. तिन्ही विचारून लिहून घ्या.

३. यंत्र घरी आल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवून पाहा. मुहूर्ताची खरेदी माळ्यावर ठेवू नका.

४. बिलावर मुदत नसल्यास सदोष मालासाठी तीस दिवस.

५. मुदतीतील यंत्र दुसऱ्या कोणास उघडू देऊ नका.

६. तक्रार लेखी करा व पोच घ्या.

७. हेल्पलाइन १९१५, आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षे.

किर्लोस्करवाडीचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन बिघडेल या शंकेने शेतकरी तो घेण्यास प्रथम तयार नव्हते. नांगर शेतात चालवून पाहिल्यावरच त्यांनी तो स्वीकारला. नव्या यंत्राकडे शंकेने पाहणे आणि ते चालवून पाहिल्यावरच आपले मानणे, ही या मातीतील जुनी रीत आहे. तीच रीत आता बंद खोक्यातून येणाऱ्या यंत्रांनाही लावली, आणि लावताना दिनदर्शिकेवर नजर ठेवली, तर कष्टाचा पैसा वाया जाणार नाही.